एफएम२ वर जुनी निकॉर चढवू का?

प्रश्न (म्हापसा): काकांची ५० एमएम निकॉर (निकॉनची लेन्स) मिळाली. शिगमोचा रोमटामेळ (वाजतगाजत निघणारी मिरवणूक) तिनेच टिपायचाय. माझ्या निकॉन एफएम२ फिल्म कॅमेऱ्यावर बसेल ना?

उत्तर (फोंडा): थांब! आधी लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवरचे (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणाऱ्या कड्यावरचे) धातूचे ‘कान’ बघ. त्यांत भोकं नसतील तर लेन्स बहुधा नॉन-एआय, म्हणजे १९७७ च्या एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) पद्धतीच्या आधीची. तिच्या रिंगची मागची कड सलग असते. ती कॅमेऱ्याच्या माउंटशेजारच्या (लेन्स बसते त्या कड्याशेजारच्या) बारीक खुंटीवर दाबली गेली की खुंटी मोडलीच म्हणून समज. एआय रिंगला तिथे कड कापलेली असते.

उत्तर (मडगाव): जुन्या निकॉन एफएमची खुंटी वर दुमडते, तिथे चालेल. मीटरिंग (प्रकाशमापन) मात्र स्टॉप-डाउन करून, म्हणजे अ‍ॅपर्चर आधीच फोटोला हवं तेवढं लहान करून.

प्रश्नकर्ता: कानांना भोकं नाहीत, रिंगवर आकड्यांची ओळही एकच.

फोंडा: मग नॉन-एआयच. जाणकाराकडून रिंगची कड एआयसारखी कापून घे, तोवर चढवू नकोस.