ठाण्यात स्ट्रेट पूल कुणीच का खेळत नाही? माझ्या मते पूलमधला सगळ्यात भारी खेळ तोच

नौपाडेकर
ठाण्यात कुठल्याही पार्लरमध्ये जा, पूलच्या टेबलावर एट-बॉल नाहीतर नाइन-बॉलच चालू असतं. स्ट्रेट पूल, म्हणजे फोर्टीन पॉइंट वन, कुणी मांडतच नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त कोणता बॉल कुठे जाणार ते आधी सांगायचं. एका बॉलचा एक पॉइंट, फाउल झाला की एक कमी, आधी १०० किंवा १५० करेल तो जिंकला. चौदा बॉल गेले की पंधरावा आहे तिथेच राहतो, बाकीचे चौदा टोकाची जागा रिकामी ठेवून परत रॅक करायचे (ट्रँगलमध्ये मांडायचे), आणि तो उरलेला बॉल पॉट करता करताच (पॉकेटमध्ये घालता घालताच) क्यू बॉलने, म्हणजे काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलने, रॅक फोडायचा आणि खेळ तसाच पुढे चालू.

खरी मजा शेवटच्या तीन-चार बॉलमध्ये आहे. रॅकच्या रेषेबाहेर जरा बाजूला एक बॉल आधीपासून राखून ठेवायचा, कितीही सोपा दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. त्याच्या आधीचा बॉल असा निवडायचा की तो घेतल्यावर क्यू बॉल फार न फिरता बरोबर अँगलवर येऊन थांबेल. अगदी सरळ रेषेत थांबला तर पॉट होतो पण क्यू बॉल रॅककडे जातच नाही, अँगल जास्त झाला तर पॉटच हुकतो. म्हणजे टेबलावर आठ-नऊ बॉल असतानाच शेवट ठरवावा लागतो. एट-बॉलमध्ये एवढा विचार एका रॅकपुरता, फ्रेम संपली की पाटी कोरी. इथे रॅकमागून रॅक एकच डाव चालतो. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये सलग ५२६ बॉल काढले, म्हणजे ३७ रॅक पूर्ण आणि वर आठ बॉल, मध्ये एकही मिस नाही!

ऐरोली_नाइनबॉल
दादा, विचार मान्य आहे पण खेळ दोघांचा असतो ना. एकाने तीस बॉल काढले तर दुसऱ्याने काय करायचं, तासाचे अर्धे पैसे भरून खुर्चीत बसायचं? आणि रेकॉर्डचं म्हणाल तर जॉन श्मिटचे २०१९ चे ६२६ आणि जेसन शॉचे २०२२ चे ७१४, दोन्ही समोर प्रतिस्पर्धी नसताना झालेत. ज्या खेळातली सगळ्यात मोठी कामगिरी एकट्याने होते तो प्रॅक्टिसला उत्तम, पण मॅच म्हणून मला नाही पटत.

नाइन-बॉलमध्ये सगळ्यात छोट्या नंबरचा बॉल आधी लागायला हवा, त्यामुळे एक नंबर इकडच्या कोपऱ्यात आणि दोन नंबर पार तिकडे असला की क्यू बॉल दोन-तीन कुशन (टेबलाच्या कडा) फिरवून आणायलाच लागतो. ते बघताना अंगावर काटा येतो. स्ट्रेट पूलमध्ये बघावं तर फूटभर अंतरावरचे सोपे शॉट.

नौपाडेकर
सोपे दिसतात कारण चांगला खेळाडू ते सोपे करून घेतो. कुशनला चिकटलेले आणि एकमेकांना टेकलेले बॉल आधी सोडवले नाहीत तर शेवटी अडकलाच समज. आणि नाइन-बॉलमध्ये योग्य बॉलला लागून नऊ नंबर चुकून कुठेही गेला तरी गेम जिंकला, ते मला सहन होत नाही.

ऐरोली_नाइनबॉल
मग टेन-बॉल खेळा की, त्यात पॉकेट सांगावं लागतं आणि नंबरची ऑर्डर पण आहे. नशिबाचा मुद्दा तिथेच संपतो.

सानपाड्याची
तुम्ही दोघं अमेरिकेच्या खेळांवरून भांडताय आणि आपल्या घरचा खेळ विसरताय याचं मला आश्चर्य वाटतं. सलग खेळत राहण्याची मजाच हवी असेल तर इंग्लिश बिलियर्ड्स आहे ना! पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यातच वर्ल्ड चॅम्पियन झाले, आपल्या देशाचे कुठल्याही खेळातले पहिले. गीत सेठींचा १९९२ चा ब्रेक, म्हणजे एका पाळीतले सलग पॉइंट, १२७६ चा आहे. पॉइंट मिळवायचे पॉट, इन-ऑफ (दुसऱ्या बॉलला लागून आपला बॉल पॉकेटमध्ये), कॅनन (आपला बॉल बाकीच्या दोन्हींना लागणं) असे तीन मार्ग, आणि तिन्ही बॉल पुढच्या शॉटला कुठे येतील ते प्रत्येक वेळी बघायचं. स्ट्रेट पूलमध्ये बॉल कमी होत जातात तसा प्रश्न सोपा होत जातो, इथे तो कधीच सोपा होत नाही. वेगळं टेबल पण लागत नाही, स्नूकरच्या सेटमधला पांढरा, पिवळा आणि एक लाल घ्या, लाल काळ्याच्या स्पॉटवर ठेवा आणि सुरू करा.

नौपाडेकर
ताई, बिलियर्ड्सबद्दल पूर्ण आदर आहे, पण बारा फुटी टेबलावर नवीन माणसाला दहाचा ब्रेक करताना घाम फुटतो. स्ट्रेट पूलमध्ये पहिल्याच दिवशी चार-पाच बॉल जातात आणि तरी पुढे शिकायला आयुष्य पुरणार नाही. आणि बॉल कमी झाल्यावर प्रश्न सोपा होतो हे तर अजिबात मान्य नाही, शेवटचे तीन उरले की चुकायला जागाच राहत नाही.

ऐरोलीकर भाऊ, खुर्चीत बसण्याचं म्हणशील तर नवीन माणसाला ५० चं टार्गेट द्यायचं, मुरलेल्याला १००. शिवाय सुरुवातीचा ब्रेक, म्हणजे पहिला शॉट बघ. इथे रॅक धाडकन फोडत नाहीत, कोपऱ्याच्या बॉलला हलकेच लावून दोन बॉल आणि क्यू बॉल कुशनला पोचवायचे आणि क्यू बॉल परत आपल्या बाजूला आणायचा. जमलं नाही तर दोन पॉइंट वजा. तिथून पुढे सेफ्टीवर सेफ्टी चालते, समोरच्याला उघडा शॉट द्यायचा नाही म्हणून. ती लढत दोघांचीच असते.

घोडबंदर_रोड
मी दोन्ही खेळतो. स्ट्रेट पूलने माझा एट-बॉल सुधारला हे नक्की, कुठला बॉल आधी घ्यायचा ते कळायला लागलं. पण मित्रांबरोबर शनिवारी रात्री एट-बॉलच, कारण चौघं असलो तरी जोड्या करून पटापट फ्रेम होतात आणि हरलेली जोडी टेबलचे पैसे देते. चौघांत १०० पॉइंटचा डाव लावला तर बाकीचे घरी निघून जातील.

ऐरोली_नाइनबॉल
५०-१०० वाला हिशोब ठीक आहे, तसं असेल तर मी एकदा खेळेन. पण वीकडेला दुपारी, रविवारी बाहेर लोक ताटकळत असतात. आणि रॅकची रेषा कापडावर आखलेली लागते ना या खेळाला? आमच्या इथला मालक कापडाला पेन्सिल लावू देणार नाही.

नौपाडेकर
रेषा नसेल तरी चालेल. बॉल आत की बाहेर असा वाद झाला की ट्रँगल जागेवर अलगद ठेवून बघायचं. गुरुवारी दुपारी जमेल का, ठाणे स्टेशनच्या बाजूला?

ऐरोली_नाइनबॉल
गुरुवार चालेल. पण नंतर एक टेन-बॉलचा सेट माझ्याबरोबर खेळायचा, रेस टू फाइव्ह, म्हणजे आधी पाच गेम जिंकेल तो.