मदत हवी आहे: पीएस५ घेऊ की एक्सबॉक्स सिरीज एक्स?

मंडळी, भाच्यासाठी टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल घ्यायचाय, सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस५) नाहीतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, आणि आकड्यांनी डोकं पिकवलंय. दोन्ही २०२० चे, दोन्हींत एएमडी कंपनीचीच चिप, रॅमही १६ जीबीच. एक्सबॉक्सच्या जीपीयूत (चित्रं रंगवणाऱ्या भागात) गणितं करणारी ५२ कम्प्यूट युनिट, १.८२५ गिगाहर्ट्झवर. पीएस५ मध्ये ३६च, पण ती २.२३ पर्यंत पळतात. म्हणून १२ विरुद्ध १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतकी लाख कोटी गणितं). इथवर समजलं.

एसएसडीत (गेम साठवतात त्या ड्राइव्हमध्ये) मात्र गणित उलटं. पीएस५ सेकंदाला ५.५ जीबी वाचतो, एक्सबॉक्स २.४. वर एक्सबॉक्सची रॅम दोन वेगांची: १० जीबी सेकंदाला ५६० जीबीने, उरलेली ६ जीबी ३३६ ने. पीएस५ ची सगळी ४४८ ने. खेळताना यातलं नेमकं काय जाणवतं?

आमचा टीव्ही १०८०पी (४के नाही), तो बदलणार नाही. दुकानदार म्हणतो, मग ४ टेराफ्लॉप्सचा एक्सबॉक्सचाच धाकटा, सिरीज एस पुरे. पण त्यात डिस्कच जात नाही, आणि भाच्याकडे सोनीच्याच आधीच्या पीएस४ च्या सात डिस्क आहेत, त्या तर कुठल्याच एक्सबॉक्सवर चालत नाहीत!

टीव्हीखालचा कप्पा पट्टीने मोजला, उंची ३२ सेंमी. २०२० चा मूळ पीएस५ उभा ३९ चा, म्हणजे आडवाच ठेवावा लागेल. (शेजारचा उदबत्त्यांचा डबा आई हलवू देणार नाही.) आडवा ठेवून कुणी वापरलाय का? फार तापतो का?