उरल्यासुरल्या लोकरीची टोपी : कुणासाठी विणलीत, कशी विणलीत?

दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे रंकाळ्याच्या कडेनं चालताना कान दुखतात, अशी आपल्या कोल्हापूरची थंडी. स्वेटर इथं जेमतेम महिना-दीड महिना अंगावर येतो. टोपी मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत लागते. आणि विणणाऱ्या प्रत्येक घरात एक पिशवी असतेच: नातवाच्या स्वेटरातली निळी, बाळंतविड्यातली पिवळी, कुणाच्या शालीतली मरून. एकाही रंगात पूर्ण टोपी होणार नाही, एवढीच.

त्या पिशवीतून विणलेल्या टोप्यांबद्दल इथं लिहा. टोपी कुणाच्या डोक्यावर गेली, ते माणूस काय काम करतं, धुतल्यावर काय झालं, हेही लिहा. माझं ठाम मत असं की शिल्लक लोकरीच्या टोपीत रंग सगळ्यात शेवटी ठरवावेत. आधी माणूस, मग धागा, मग रंग. सुरुवात मी करते.

ताराबाई पार्कातून

माझी नेहमीची टोपी म्हणजे दोन्हीकडून उघडी नळी. वरच्या तोंडाशी जाळीची एक फेरी, त्यात ओवलेली दोरी. दोरी ओढून बांधली की टोपी, सोडली की गळ्यात मफलर, दुमडली की कानपट्टी. वडील पहाटे ती डोक्यावर घालून फिरायला निघतात, परतताना ऊन वर आलं की तीच गळ्यात उतरवतात. हातात काही धरावं लागत नाही, कुठं विसरत नाही.

माप असं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा ५४ ते ५८ सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून चार-पाच सेंटीमीटर लहानच विणावी, म्हणजे ताणून नीट बसते. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुईवर मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटीमीटरात साधारण २२ टाके बसतात. त्या हिशेबानं मी गोल सुईवर ११२ टाके घालते, घेर ५१ च्या आसपास येतो. ११२ ला चारनं भाग जातो, म्हणून दोन सुलट दोन उलट अशी पट्टी बरोबर बसते. आठनंही जातो, म्हणून कुणाला वरून बंद टोपी हवी असेल तर १४ टाक्यांचे आठ भाग पाडून प्रत्येक भागात शेवटचे दोन टाके एकत्र विणायचे. एक फेरी घटवायची, एक साधी, असं वरपर्यंत.

नळीसाठी पट्टी ५ सेंटीमीटर, मग नुसतं सुलट, एकूण उंची २४-२५ झाली की जाळीची फेरी: दोन टाके एकत्र, एक अढी (सुईवर धाग्याचा एक वेढा). त्यावर दोन-तीन सेंटीमीटर विणून टाके सैल हातानं बंद करायचे. इथं हात घट्ट राहिला तर नळी गळ्यात उतरतच नाही.

आता शिल्लक लोकरीचा खरा प्रश्न: पुरेल का? त्याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मिळतं. अशा नळीला ६० ते ७० ग्रॅम लोकर लागते, दहा फेऱ्यांना साधारण ८ ग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमचा गुंडा पंचवीसेक फेऱ्या जातो. विणायला बसण्याआधी सगळे गुंडे तोलून कागदावर मांडले की कुठला रंग कुठं संपणार ते आधीच कळतं. जो रंग सगळ्यात जास्त आहे तो खालच्या पट्टीला द्यायचा, कारण ती दुमडली जाते, दिसतेही तीच आणि झिजतेही तीच.

राजारामपुरीहून, निवृत्त शिक्षिका

मी अजून दोन सरळ सुयांवरच विणते आणि मागं शिवण घालते. पट्ट्यांच्या टोपीला हा मार्ग जास्त स्वच्छ दिसतो असं मला वाटतं. गोल विणताना रंग बदलला की त्या जागी पायरी पडते. सपाट विणलं की पट्ट्या शिवणीत एकमेकींना अचूक भेटतात आणि सुटी टोकंही शिवणीतच दडवता येतात. कडेला एकेक टाका जास्त घ्या, शिवणीत तो आत जातो.

जाडी जुळवायची तर मोजपट्टीभोवती एक इंच जागेत धागा शेजारी शेजारी गुंडाळून वेढे मोजते. वेढे जवळपास सारखे आले तर ते धागे एका टोपीत चालतात. बारीक असेल तर दोन पदर एकत्र धरून पुन्हा मोजायचे. माझ्या पिढीतल्या बायका हे बोटांनीच ओळखायच्या, पण नवीन शिकणाऱ्यांना मोजायला सांगावं.

करवीर तालुक्यातून

आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामात पहाटेच्या अंधारात काहिलीत रस पडतो. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारणाऱ्याच्या छातीला धग आणि मानेला गारठा, अशी अवस्था. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, माझ्या मानेचं कायतरी बघा की." मफलर त्यांना नको होता आणि ते बरोबरच होतं. ऊस गाळायच्या चरकाजवळ वावरणाऱ्याच्या गळ्यात लोंबणारं टोक असूच नये. टोक अडकलं तर माणूस ओढला जातो. म्हणून नळी.

धाग्याची बाब इथं सगळ्यात महत्त्वाची. बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली पुष्कळशी ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. ॲक्रिलिकला आग लागली की ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलवाणापाशी ते अजिबात चालत नाही. पिशवीतल्या प्रत्येक गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून परड्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून, जाळून पाहिला. खरी लोकर केस जळल्यासारखा वास सोडते, ज्योत बाजूला घेतली की बहुतेक आपोआप विझते, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक मात्र जळत राहतं आणि मागं काळी कडक गुठळी उरते. असं करता करता चांगली भरलेली पिशवी मूठभर गुंड्यांवर आली. सासूबाईंच्या शालीतली करडी, एक विटकरी आणि थोडी काळी.

तेवढ्यात झाली नळी. दोरी घातलीच नाही. दोन्ही तोंडांना दोन सुलट दोन उलट विणलं, त्यामुळं नळी आपोआप आवळून बसते आणि धूर उलटला की नाकावर ओढून घेता येते. खरी लोकर गरम पाण्यात घातली आणि चोळली की आटते, घट्ट होते, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय: ती टोपी मशिनमध्ये टाकायची नाही, गार पाण्यात बुडवायची, टॉवेलात दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची.

इचलकरंजीहून

मी पुरुष माणूस, आयुष्य यंत्रमागावर गेलं, विणकाम निवृत्तीनंतर बायकोकडून शिकलो. मुलगा मोटारसायकलनं कोल्हापूरला कामाला जातो. हेल्मेटच्या आत जाड टोपी घालू नये, हेल्मेट डोक्यावर जसं घट्ट बसायला पाहिजे तसं बसत नाही. त्यामुळं बारीक लोकर, १० नंबरच्या बारीक सुया, वर गोंडा नाही, आत शिवण नाही.

गाठीबद्दल सांगतो. मागावर धागा तुटला की आम्ही विणकराची गाठ मारायचो, लहान आणि चपटी. ती टोपीत चालते, पण ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, म्हणून दोन्हीकडं पाच-सहा सेंटीमीटर टोक सोडून ते सुईनं टाक्यांत ओवून घ्यावं. आणि गाठ कपाळावर किंवा कानामागं येता कामा नये. मी प्रत्येक रंगाची सुरुवात डोक्याच्या मागच्या खोलगट जागी येईल अशी ठेवतो.

ताराबाई पार्कातून

दादा, खरी लोकर असेल तर गाठीचीही गरज पडत नाही. दोन्ही टोकं थोडी पिंजायची, एकमेकांवर ठेवायची, पाण्याचा हात लावून तळहातांत जोरात घासायची. तंतू एकमेकांत गुंततात आणि धागा सलग होतो. ॲक्रिलिकवर मात्र हे जमत नाही. गुऱ्हाळाच्या ताईंच्या टोपीला हा उपाय अगदी योग्य.

मंगळवार पेठेतून

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात दुसरं काही बोललं जात नाही. भाचीला तिच्या मंडळाच्या, म्हणजे फुटबॉल संघाच्या, रंगात टोपी हवी होती. दोन रंगांचे लहान लहान गुंडे होते. एक फेरी एका रंगाची, दुसरी दुसऱ्या रंगाची, असं गोल सुईवर आलटून पालटून विणलं. फेरी संपली की धागा सोडायचा, तिथंच थांबलेला दुसरा उचलायचा, फक्त ओढायचा नाही. पट्टे घेर घेत वर चढतात, पायरी पडत नाही. अगदी बोटभर राहिलेल्या तुकड्यांचा गोंडा केला आणि तो टिचबटणावर लावला, धुताना आणि हेल्मेट घालताना काढता येतो. भाची म्हणाली, "आत्या, मी तर ही शाळेत पण घालतो!"

एका प्रसूतिगृहातली परिचारिका

बाळंतविड्यासाठी टोपडी आणून देणाऱ्या आज्ज्यांना मी हात जोडून सांगते: नाड्या नकोत, मणी नकोत, बटणं नकोत. नाडी गळ्याभोवती येते, मणी तोंडात जातो. नवजात बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानानं मोठं असतं, तिथून उष्णता लवकर जाते, म्हणून कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवतो, म्हणजे कांगारू पद्धतीनं, तेव्हा डोक्यावर टोपी हवीच. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटीमीटर असतो, आधी जन्मलेल्याचा त्याहून कमी. २०-२५ ग्रॅम मऊ धागा पुरतो. लाल किंवा गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या कपड्यावर घासून रंग सुटतो का ते बघा. टोचणारी लोकर नको.

आणि एक. घरी गेल्यावर निरोगी बाळाला घरात झोपवताना टोपी काढून ठेवा. बाळ डोक्यावाटे जादा उष्णता सोडतं, आणि टोपी तोंडावर सरकण्याची भीती असते. आज्ज्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण पटवायलाच हवं.

शाहूपुरीतून

आईची केमोथेरपी सुरू झाली आणि केस गेले. लोकरीची एकही टोपी तिला सहन होईना, टाळू फार हुळहुळी झाली होती. तिनंच पूर्वी क्रोशानं तोरणं आणि रुमाल विणले होते, त्यातला सुती दोरा डब्यात होता. पांढरा, मोतिया, थोडा अबोली. तिच्याच हातचा उरलेला दोरा तिच्यासाठी वापरायचा, हे मला फार मोलाचं वाटलं.

सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो. ताणला की तसाच राहतो. शिवाय केस नसले की घेरही कमी होतो. त्यामुळं तिच्या डोक्याचं नव्यानं माप घेतलं आणि नेहमीपेक्षा कमी टाके घातले. सुलट विणीची आतली बाजू खडबडीत असते, म्हणून टोपी उलटी करून दिली, गुळगुळीत बाजू टाळूला. सुटी टोकं अर्थातच बाहेर आली. ती आत ओवत बसण्यापेक्षा त्यावर क्रोशाची सात-आठ बारीक फुलं टाचली. वॉर्डातल्या एसीत ती टोपी, बाहेर पडताना त्यावरून पदर. रात्री झोपतानाही तीच. दोन पुरतात, एक धुवायला एक डोक्यावर. ज्यांच्या घरी कुणाचे उपचार चालू आहेत त्यांनी मोठ्या भेटवस्तूआधी ही टोपी द्यावी असं मी मनापासून सांगेन.

पट्टणकोडोलीच्या बाजूनं

आमच्यात मेंढ्या आहेत. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. आज्जी चातीवर सूत काढायची ते घोंगडीसाठी, टोपी कुणी विणत नव्हतं. घोंगडीतून राहिलेलं काळं सूत मी सगळ्यात जाड सुयांवर सत्तरेक टाक्यांवर विणलं. कपाळाला टोचतं हे खरंच, म्हणून आतून चार बोटं रुंद जुन्या लुगड्याची पट्टी शिवली. चुलते पावसाळ्यात मेंढरांमागं असतात. ही टोपी ओली झाली तरी ऊब धरून राहते, ते काम ॲक्रिलिककडून होत नाही. विकतची रंगीत लोकर तिच्यात मिसळू नका, एक आटते आणि दुसरी तशीच राहते, टोपी वेडीवाकडी होते.

शिरोळकडून, साखरशाळेत शिकवणारी

मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं आमच्याकडं येतात. कोपीत, म्हणजे खोपटात, झोपतात, पहाटे आईबाप फडात गेले की लहान भावंडांना सांभाळतात. त्यांना टोप्या द्यायच्या असतील तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. दोरी नको, खेळताना अडकते. प्रत्येक टोपीवर निराळी रंगपट्टी हवी, म्हणजे मूल आपली टोपी ओळखतं आणि एकमेकांच्या टोप्या घालून उवा पसरत नाहीत. शिल्लक लोकरीत हे आपोआपच होतं, म्हणून मला अशाच टोप्या जास्त आवडतात. आणि तिसरं, पाणी कमी असतं, तेव्हा हळुवार धुवावी लागणारी लोकर देऊ नका. ॲक्रिलिक धुतलं की लवकर वाळतं. फक्त चूल पेटवणाऱ्या मोठ्या मुलींना ते देऊ नका. त्यांना सुती द्या, आणि तिचंही टोक लोंबतं ठेवू नका.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांचं माप जास्त लागतं.

ताराबाई पार्कातून

त्या वयाला ८ नंबरच्या सुईवर १०४ टाके घाला, घेर ४७ च्या आसपास येतो. १०४ लाही आठनं भाग जातो, वरून बंद करताना १३ टाक्यांचे आठ भाग. उंची १९-२० सेंटीमीटर झाली की घटवायला लागा. पट्टी थोडी लांब ठेवा, डोकं वाढलं की दुमड उलगडता येते. ज्यांच्याकडं खरी लोकर आणि ॲक्रिलिक दोन्ही आहे त्यांनी जाळून बघून पिशव्या आधी वेगळ्या कराव्यात आणि वर चिठ्ठी लावावी. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत टोप्या शिरोळला पोचायला हव्यात.