सोलापूरहून बंगळुरूला जुना बीबीसी मायक्रो सुखरूप कसा पाठवावा?

नमस्कार मंडळी,

माझे काका सोलापुरातील एका शाळेत शिक्षक होते. १९८४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या, शाळांत संगणकाची ओळख करून देणाऱ्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांपैकी एक संच शाळेने निर्लेखित केल्यावर काकांनी तो लिलावात रीतसर घेतला आणि आजवर जिवापाड जपला. संगणक, सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणि पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असा हा संच आता बंगळुरूच्या एका संग्राहकांना द्यायचे ठरले आहे. तो भंगारात किलोच्या भावाने जाऊ नये, एवढीच आम्हा घरच्यांची इच्छा आहे.

संग्राहकांना यंत्र चालू असल्याचा व्हिडिओ हवा आहे आणि ही मागणी रास्तच आहे. मात्र या यंत्रांच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटर (विजेतील अडथळे गाळणारे छोटे सुटे भाग) वर्षानुवर्षे दमटपणा शोषून तडकतात आणि दीर्घकाळ बंद असलेले यंत्र चालू केल्यावर थोड्याच वेळात त्यांतून धूर निघतो, असे अनेकांच्या अनुभवावरून दिसते. त्यामुळे आधी कपॅसिटर बदलावेत आणि मगच वीज द्यावी, असे माझे मत आहे. हे काम जबाबदारीने करणारे कारागीर सोलापुरात किंवा पुण्यात कोणाच्या माहितीत आहेत का? की ‘न तपासलेले’ असे स्पष्ट लिहून कमी किमतीत देणे अधिक योग्य ठरेल?

खरा घोर मॉनिटरचा आहे. ट्यूबची पुढची काच जाड असली, तरी मागची मान अतिशय नाजूक असते. पार्सल एकदा आपटले की सारे संपले. चहूबाजूंनी जाड थर्मोकोल देऊन खोक्यात खोका ठेवायचा, तर बाहेरचा खोका प्रत्येक बाजूने साठ सेंटीमीटरचा होतो. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून ५००० ने भागण्याच्या कुरिअरच्या पद्धतीने त्याचे वजन ४३.२ किलो धरले जाते; प्रत्यक्ष वजन त्याच्या निम्मेही नाही. शिवाय वापरलेल्या वस्तूच्या मोडतोडीची भरपाई मिळणार नाही, असे येथील एका कुरिअरवाल्यांनी आधीच सांगितले आहे. या यंत्राला टीव्ही जोडता येत असल्याने मॉनिटर वगळून केवळ संगणक आणि ड्राइव्ह उद्यान एक्सप्रेसने स्वतः घेऊन जावे, असा विचार मनात आहे. सॉकेटमधील चिप प्रवासातल्या हादऱ्यांनी सैल होतात, हे लक्षात घेता त्या आधी दाबून बसवाव्यात, की पोहोचल्यावर संग्राहकांनीच बसवाव्यात?

आणखी एक प्रश्न आहे. यंत्राच्या उजव्या कडेवर पांढऱ्या ऑइलपेंटने शाळेचा जडसंग्रह क्रमांक लिहिलेला असून, तो पुसून द्यावा असे संग्राहकांचे म्हणणे आहे. थिनरने यंत्राच्या कवचाचे एबीएस प्लास्टिक विरघळते, हे तो न पुसण्याचे एक कारण झालेच. पण हे यंत्र सोलापूरच्या शाळेत होते याची तेवढी एकच खूण त्यावर उरली आहे, म्हणून ती राहू द्यावी असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया यावरही आपले मत द्यावे.