झुरळं, ढेकूण, उधई (वाळवी) आणि कापसाची खाज: काय चालतं, काय नाही

हे पान गावोगावच्या लोकांनी मिळून लिहायचं, ज्याचं लिहिणं त्याचं गाव वर. नुसतं "लई त्रास आहे" लिहू नका, तो घरोघरी आहेच. काय वापरलं, किती, कुठे ठेवलं, आणि फसतं ते कशानं, तेवढं लिहा.

हिंगणघाट
ओट्यापाशी फिरणाऱ्या बारक्या तांबूस झुरळांवर बोरिक पावडरच. दोन चमचे पावडर, दोन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर, भिजेल इतकंच दूध. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून सिलिंडरमागे, फ्रिजच्या मोटरजवळ, ओट्याखालच्या फटीत ठेवायच्या. झुरळ जागच्या जागी मरत नाही, काही दिवस जातात. लोक तिसऱ्या दिवशी कंटाळून फवारा मारतात आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण फवाऱ्याचा वास लागलेल्या गोळीकडे झुरळ फिरकत नाही. दगडासारखी कडक झालेली गोळीही खात नाही, म्हणून पंधरा दिवसांनी नवीन करा. अंड्यांवर बोरिक चालत नाही. मादी शेपटाशी जी पेटी घेऊन हिंडते तिच्यात ३०-४० अंडी असतात, ती फुटून पिल्लं निघाली की पुन्हा गोळ्या लागतात. लेकरं आणि घरात शिरणाऱ्या कोंबड्या, दोघांचाही हात-चोच पोचू नये.

मोर्शी
मोठी झुरळं वेगळी. ती न्हाणीच्या मोरीतून येतात, त्यांना ओट्याखाली गोळ्या ठेवून काही होत नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नका.

दारव्हा
ढेकणासाठी बाज उन्हात टाकतात आणि संध्याकाळी तीच आत घेतात. ढेकूण सावलीच्या खाचेत सरकून बसलेला असतो. बाज उलटी करून पाय आणि पट्ट्या जिथे जुळतात त्या खाचेत उकळतं पाणी ओता, काळे ठिपके दिसतील तिथे जास्त. आठ-दहा दिवसांनी पुन्हा ओता, राहिलेली अंडी तोवर फुटतात. गोधड्या मे महिन्यात काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून टिनाच्या छपरावर ठेवा. गठ्ठे लहान बांधा, मोठ्या गठ्ठ्याच्या पोटात ऊन पोचत नाही. खोली बंद ठेवून उपाशी मारू म्हणाल तर तो महिनोन्‌महिने टिकतो.

आणि कपाशीवरचं उरलेलं औषध बाजेवर शिंपडू नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उघड्या वावरात फवारणी करणारी माणसं विषबाधेनं गेली. इथं तर त्याच्यावर रात्रभर झोपायचं आहे!

आर्णी
भाव वाढायची वाट पाहत घरात कापूस भरला की अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, आणि नाव ढेकणाचं होतं. कापसातल्या गुलाबी बोंडअळीवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे कोळी किडे (माइट) चावतात. ते कातडीत घर करत नाहीत, म्हणून खरजेचं मलम फुकट जातं. कापसाच्या खोलीत झोपू नोका, कापूस हाताळला की साबणानं आंघोळ, कपडे गरम पाण्यात. कवडी (किडका, डागी कापूस) आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा) माल आधी विका, कीड त्यातच जास्त.

मूल, चंद्रपूर
उधईची मातीची नळी नुसती झाडून काढणं म्हणजे काहीच न करणं. नळी मधेच फोडून दोन दिवस पाहा. पुन्हा लिंपली तर आत ये-जा चालू आहे. क्लोरपायरीफॉस २० ईसी (पाण्यात मिसळायचं कीटकनाशक), लिटरला ५० मिली, भिंतीच्या बाहेरून पायालगत चर खणून ओततात. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर मात्र नाही. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग भिंतीला टेकवून ठेवला असेल तर आधी तो हलवा, उधई तिथूनच छपराच्या कवेलूखालच्या (कौलांखालच्या) लाकडापर्यंत चढते.