शब्दचर्चा: सॉफ्टबॉलमधले 'बॉल', 'स्ट्राइक' आणि 'डाव' मराठीत कसे लिहायचे?

प्रश्नकर्ती

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे, यंदा शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिची निवड झाली. संघातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या घरी हा खेळ कोणी पाहिलेलाही नाही, म्हणून सगळ्यांना नियमांचा एक मराठी कागद वाटला होता. त्यात एक वाक्य असं होतं: "चार चेंडू झाल्यास फलंदाजास पहिला तळ मिळेल."

गेल्या शनिवारी कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका मैदानावर सराव होता. एका मुलीनं चौथा चेंडू सोडला, बॅट नीट जमिनीवर ठेवली आणि पहिल्या बेसकडे (धावताना गाठायच्या पहिल्या ठिकाणाकडे, कागदातला 'तळ' तो हाच) चालायला लागली. सरांनी हाक मारून परत बोलावलं. ती म्हणाली, "चार झाले ना, सर?" त्या चारांतले दोन स्ट्राइक होते. बाकीच्या मुली हसल्या, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मला ते फार लागलं. त्या पोरीनं कागद वाचला होता आणि कागदात लिहिलं होतं तेच केलं होतं.

तो कागद नव्यानं लिहायचं काम मी मागून घेतलंय. 'चेंडू', 'तळ', 'गोलंदाज', 'डाव', 'झटका' (हा 'स्ट्राइक'साठी वापरलाय) हे शब्द ठेवावेत की बदलावेत? हा खेळ जवळून पाहिलेल्यांनी आणि भाषेत मुरलेल्यांनी सांगावं.

माजी खेळाडू

ताई, मी शाळेत आणि पुढे कॉलेजात मिळून नऊ वर्षं खेळले, बहुतेक वेळ कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून फेक झेलणारी. पंच माझ्या मागेच उभा राहून ओरडायचा, ते सगळं माझ्या कानावर पडायचं. त्यामुळे 'बॉल'पासूनच सुरुवात करते.

इंग्रजीत वस्तूलाही बॉल आणि पंचाच्या निर्णयालाही बॉल. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वाटून घ्यावेत: वस्तू तो चेंडू, निर्णय तो बॉल. स्ट्राइकच्या चौकटीबाहेरून आलेली फेक फलंदाजानं सोडली की पंच 'बॉल' देतो. असे चार 'बॉल' मिळाले की पहिला बेस मोफत. तुमच्या कागदानं निर्णयाच्या जागी वस्तूचं नाव घातलं, आणि अर्थच पालटला. बोलताना आम्हीही "बॉल दे इकडे" असंच म्हणायचो, तिथे कोणी अडत नाही. लिहिताना मात्र ही वाटणी कटाक्षानं पाळा.

'झटका' काढून टाका. 'स्ट्राइक' तसाच ठेवा, पण त्याचा अर्थ पहिल्याच ओळीत सांगा, कारण क्रिकेट पाहणाऱ्या घरात हा शब्द आधीपासून दुसऱ्या अर्थानं राहतोय. "स्ट्राइकवर कोण आहे?" म्हणजे समोरचा चेंडू कोण खेळणार. सॉफ्टबॉलमध्ये स्ट्राइक ही फलंदाजाच्या नावावर चढणारी चूक आहे. मारायला गेली आणि हुकली, स्ट्राइक. चौकटीतून गेलेली चांगली फेक नुसती बघत राहिली, तरी स्ट्राइक. तीन झाले की बाद. चौकट म्हणजे होम प्लेटच्या (फलंदाज उभी राहते तिथल्या जमिनीवरच्या पाटीच्या) वर, रुंदीला प्लेटइतकी आणि उंचीला साधारण छातीपासून गुडघ्यापर्यंतची मोकळी जागा.

मारणं या अर्थाचा शब्द न मारण्याला कसा चिकटला, हा प्रश्न मला लहानपणी छळायचा. बेसबॉलमध्ये आधी मारायला जाऊन हुकणं एवढ्यालाच स्ट्राइक म्हणत. मग फलंदाज चांगल्या फेकी सोडत तासन्‌तास उभे राहू लागले, म्हणून १८५८ मध्ये सोडलेल्या चांगल्या फेकीवरही स्ट्राइक देण्याचा अधिकार पंचाला मिळाला. "ही मारायला हवी होतीस" असा त्याचा अर्थ. मुलींना अशा शब्दांत सांगितलं की कायमचं लक्षात राहतं.

फाउलचं एक वाक्य वेगळं लिहा. फाउल गेलेला, म्हणजे मारल्यावर मैदानाच्या रेषांबाहेर गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात, पण दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल गेला तर तिसरा धरत नाहीत. अपवाद बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ पाडण्याचा: दोन स्ट्राइक असताना बंट फाउल गेला की बाद. घरातले लोक इथेच गोंधळतात आणि पंचाला बोल लावतात.

भाषांतर करणारा

'तळ' मला अजिबात पटत नाही. मराठीत तळ म्हणजे विहिरीचा तळ, नाहीतर सैन्याचा तळ. आणि तळ ठोकतात तो मुक्कामाला. इथे तर बेसवर कोणी मुक्काम करत नाही, पुढे निघायचं असतं. 'बेस' मराठीत सहज मुरलाय, पुल्लिंगी आहे, विभक्तीही छान घेतो: बेसवर, बेसला, बेसपासून. ठेवावा.

मला जास्त काळजी 'डाव' या शब्दाची आहे. कागदात "सामना सात डावांचा असतो" असं लिहिलं असणार. क्रिकेटमुळे मराठी माणसाच्या डोक्यात डाव हा एका संघाचा असतो: भारताचा पहिला डाव, त्यांचा दुसरा डाव. सॉफ्टबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलतात. क्रिकेटच्या हिशेबानं सात इनिंग म्हणजे चौदा डाव! वाचणारा साताला थांबेल आणि चारास तीन अशी वाटणी कशी, म्हणून डोकं खाजवेल.

यावर उत्तर खो-खोत आहे. खो-खोच्या एका डावात प्रत्येक संघ एकदा पाठलाग करतो आणि एकदा पळतो. या प्रत्येक भागाला पाळी म्हणतात. डाव दोघांचा मिळून, पाळी एकेकाची. सॉफ्टबॉलला हाच हिशेब जसाच्या तसा बसतो: सात डाव, प्रत्येक डावात दोन पाळ्या. खो-खोची नियमावली १९१४ साली आपल्या पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यावर तयार झाली. इतक्या जवळचं घडवलेलं सोडून क्रिकेटकडे उसनं मागायला जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत.

माजी खेळाडू

पटलं. आणि मुलींपुढे 'पाळी' लिहायला कोणी संकोचू नये. खो-खो खेळणाऱ्या मुली "आपली पळतीची पाळी" बिनदिक्कत म्हणतात.

खो-खोचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. सॉफ्टबॉलमध्ये समजायला सगळ्यात अवघड असतो तो फोर्स आउट. कधी धावणारीला चेंडूनं टेकवावं लागतं आणि कधी चेंडू हातात घेऊन नुसत्या बेसवर पाय ठेवला तरी ती बाद होते, हे का? आम्हाला आमच्या बाईंनी फक्कीनं आखलेल्या चौकोनात उभं करून दाखवलं होतं. मला पहिल्या बेसवर उभं केलं, एकीला होमवरून पहिल्याकडे पळवलं, आणि मला म्हणाल्या, "तुला मागून खो मिळालाय. आता इथे बसता येणार नाही, उठ." मागून येणारीला बेस हवाय म्हणून जिला पुढे जाणं भागच आहे, तिच्या पुढच्या बेसवर चेंडू आधी पोहोचला की ती बाद. मागून खो नसेल तर ती जागेवर थांबू शकते, म्हणून तिला चेंडू प्रत्यक्ष टेकवावा लागतो. पुस्तकी व्याख्या मी नंतर बऱ्याच वाचल्या, पण डोक्यात उजेड पडला तो त्या दुपारी.

क्रिकेटचा स्कोअरर

'गोलंदाज' या शब्दाची बाजू मांडायला हवी. हा शब्द क्रिकेटच्या कितीतरी आधीचा. पेशवाईत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, गोळा फेकणारा. फारसीतलं 'अंदाज' म्हणजे फेकणारा. त्याच धर्तीवर फलंदाज घडला. आपल्या पुण्याचे बाळ ज. पंडित रेडिओवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन करायचे, तेव्हा हे सगळे शब्द आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले. तोफेवरून क्रिकेटमध्ये आलेला शब्द आणखी एक पाऊल पुढे का जाऊ नये? आणि 'पिचर' लिहिलंत तर त्याच्या पोटातलं 'पिच' आडवं येईल. आमच्याकडे पिच म्हणजे खेळपट्टी, तुमच्याकडे पिच म्हणजे फेक. "पिच खराब होती" असं एखादी मुलगी घरी सांगेल आणि वडील मैदानाला दोष देतील.

माजी खेळाडू

काका, इतिहास आवडला, मला हे माहीत नव्हतं. तरी 'गोलंदाज' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात षटक येतं, यष्ट्या येतात, खांद्यावरून फिरणारा हात येतो. इथे षटक नाही, एकच मुलगी सातही डाव फेकू शकते. हात खालून येतो, कमरेजवळून चेंडू सुटतो. अंतरही किती कमी! मोठ्या स्पर्धांत महिलांना ४३ फूट, पुरुषांना ४६. 'फलंदाज' आणि 'क्षेत्ररक्षक' खुशाल घ्या, ते काम तेच आहे. धाव, झेल, पंच हेही आपलेच. पण 'पिचर' आणि 'कॅचर' तसेच असू द्यात, कारण मैदानावर हाक याच नावानं येणार. फेकीला मात्र 'फेक'च म्हणा, म्हणजे तुम्ही म्हणता तो पिचचा घोळ होणार नाही.

नवीन वाचक

विटी-दांडू खेळताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायचो. ते तेलुगू-कानडीकडचे आकडे आहेत हे चाळिशीत कळलं. खेळताना कधी परके वाटले नाहीत.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आता सामानाचा भाग. कागदात 'हातमोजा' आणि 'मऊ चेंडू' आहे. एका आजोबांनी तो मऊ चेंडू हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, हा तर दगड आहे.

माजी खेळाडू

आजोबा बरोबर आहेत. सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर १२ इंच, वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १६३ ग्रॅमच्या पुढे जात नाही, म्हणजे हा त्याहून जड. नावातला मऊपणा जन्माच्या वेळचा आहे. १८८७ मध्ये शिकागोत एका बोट क्लबच्या दालनात काही तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्यानं तो मारला. चार भिंतींच्या आत खेळायचं तर मऊ चेंडूच हवा. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये सुचवलं गेलं, तोवर खेळ बाहेर मैदानात आला होता. पुढे चेंडू कडक झाला आणि नाव तेच राहिलं. म्हणून खेळाच्या नावाचं भाषांतर करू नका. 'मऊ चेंडू' वाचून एखादी मुलगी हेल्मेटशिवाय उभी राहिली तर?

'हातमोजा' म्हणजे थंडीत घालायचा. आपल्या मुली "माझा ग्लोव्हज कुठंय" म्हणतात, एकालाही ग्लोव्हज. बोलण्यात राहू दे, कागदात 'ग्लोव्ह' लिहा. एक वाक्य जरूर टाका: ज्या हातानं फेकता त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालायचा. उजव्या हातानं फेकणारीनं डाव्या हातात. नवीन मुली हमखास उलटा घालतात. कॅचरच्या ग्लोव्हला बोटं वेगळी नसतात, त्याला मिट म्हणतात. तो पहिल्या बेसवरच्या खेळाडूलाही चालतो. नवीन ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा ताठ असतो, मिटतच नाही. मी थोडं तेल चोळायचे, मधल्या खळग्यात चेंडू ठेवून परकराच्या नाडीनं घट्ट बांधायचे आणि रात्री गादीखाली ठेवायचे. पंधरा दिवसांनी तो माझ्या हाताच्या आकाराचा झाला होता.

कॅचरला मास्क, छातीचं पॅड आणि पायांचे गार्ड. फलंदाज आणि बेसवर धावणाऱ्या सगळ्याजणींना हेल्मेट. बॅट जास्तीत जास्त ३४ इंच. बेसमधलं अंतर ६० फूट.

पहिला बेस दुरंगी असेल तर तेही लिहा. पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा, रेषेबाहेरचा नारिंगी भाग धावत येणाऱ्या फलंदाजाचा. दोघी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ती सोय आहे. यात शब्दाचा प्रश्न नाही, पण मुलींच्या गुडघ्यांचा आहे.

भाषांतर करणारा

'टॅग' (धावणारीला चेंडू लावून बाद करणं) साठी 'शिवणे' कसा वाटतो? शिवाशिवीत आपण तेच करतो.

प्रश्नकर्ती

माझ्या मुलीला विचारलं, तिला आवडला. मला मात्र लिहवत नाही. माझ्या आजीच्या घरात "शिवू नकोस" हे वाक्य मी फार वेगळ्या कारणांसाठी ऐकलंय, आणि ते कोणाकोणाला म्हटलं जायचं तेही आठवतंय. वर 'टेकवणे' आलंय, तो घेते: धावणारीला चेंडू टेकवला.

बॉल-स्ट्राइकचा परिच्छेद असा लिहिलाय:

"पिचरची फेक चौकटीतून आली आणि फलंदाजानं मारली नाही, किंवा मारायला जाऊन हुकली, तर पंच 'स्ट्राइक' देतात. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. फेक चौकटीबाहेरून आली आणि फलंदाजानं सोडली, तर पंच 'बॉल' देतात. चार 'बॉल' झाले की पहिला बेस मिळतो. स्ट्राइक आणि बॉल वेगवेगळे मोजायचे, एकत्र नाही."

दुसऱ्या नियमात 'सोडली' ठेवू की 'मारली नाही'?

क्रिकेटचा स्कोअरर

'सोडली'. चांगला फलंदाज चेंडू सोडतो, आणि सोडणं हेही खेळणंच असतं. शेवटचं वाक्य ठळक छापा.

प्रश्नकर्ती

छापते. पहिली प्रत त्या मुलीला देणार आहे.