मैदानामुळं शाळा टिकली, असे अनुभव असतील तर लिहा

रंकाळाकाठ
दसऱ्याची झाडलोट चाललीय. आईच्या ट्रंकेत माझं जिल्हास्तर शालेय फुटबॉलचं प्रमाणपत्र सापडलं. कडा कुरतडल्यात, मुख्याध्यापकांची सही मात्र शाबूत. ते हातात घेतलं आणि सगळं आठवलं, म्हणून धागा काढतोय.

बाबा मार्केट यार्डात हमाल. गुळाचा हंगाम आला की घरात एकच विषय, पोरानं पण हाताखाली यावं. नववीत माझी शाळा सुटायच्या बेतात होती. मैदानावर आमचे सर एक शंभर पानी वही ठेवायचे. शनिवारी त्यात वर्गशिक्षकांची हजेरीची सही आणायची. सही नसेल तर मॅचला बाहेर बसायचं, मग गोल मारणारा कितीही भारी असू दे. मी सलग गैरहजर दिसलो तसे सर थेट यार्डात आले. बाबांशेजारी पोत्यावर बसले आणि म्हणाले, "शाळेच्या पटावर नाव नसलं तर शालेय स्पर्धेत ह्याला उतरवता येत नाही. आणि ह्याच्याशिवाय माझी टीम उभी राहत नाही." शिक्षणाचं कुणी सांगून बाबांना पटलं नसतं. टीमचं पटलं. कोल्हापूरच्या पेठेतला फुटबॉलवेडा माणूस शेवटी!

दहावी झाली, आयटीआय झालं, शिरोली एमआयडीसीत लागलो. फुटबॉलनं मला शाळेत धरून ठेवलं, पगार शाळेमुळं मिळाला. सरांचं हे ऋण मी कायम मानतो. तुमच्या घरात, गल्लीत असं काही घडलं असेल तर लिहा.

पेठेचा पोरगा
सगळं ठीक आहे भावा, आधी कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा ते सांग. पाटाकडील का शिवाजी? त्यावर पुढचं वाचायचं का नाही ते ठरवतो, हाहा

रंकाळाकाठ
ते सांगितलं तर धाग्यात मारामाऱ्या होतील. शाहू स्टेडियमवरच्या मॅचसाठी राखून ठेव.

खोखोची पोर
कुकर लावलाय, शिट्टी व्हायच्या आत लिहिते.
बारावी झाली की आमच्याकडं स्थळं बघायला सुरुवात. मोठ्या दोघी बहिणींचं तसंच झालं. मी खो-खो खेळायची, विभागापर्यंत गेलेली. कॉलेजच्या जिमखान्याच्या मॅडम घरी आल्या, फी आम्ही बघतो म्हणाल्या, पोरगीला फक्त येऊ द्या. पप्पांची अडचण फीचीच होती, बोलून दाखवत नव्हते इतकंच. एसटीचा पास निघाला, बीए झालं. पोलीस भरतीच्या मैदानावर ८०० मीटर पळायचं होतं, त्याची भीती वाटलीच नाही, पाय लहानपणापासून तयार होते. पण लेखीला मराठी, गणित, सामान्य ज्ञान असतं. तिथं नुसतं पळून भागत नाही. माझ्याबरोबर मैदान मारलेल्या कितीतरी पोरी लेखीत मागं राहिल्या, त्यांचं अजून वाईट वाटतं.
झाली शिट्टी.

शिरोळची गुरुजी
@खोखोची पोर ताई, मनापासून अभिनंदन. पप्पांना नमस्कार सांगा.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, बीडकडच्या जास्त. फडाच्या कडेला पालं पडतात. पोरं मोठ्यांबरोबर पहाटे फडात, नाहीतर पालावर धाकट्या भावंडाला सांभाळत. शाळेत या म्हटलं की लांब पळायची. मग शाळेच्या पटांगणावर चुन्यानं कबड्डीचं मैदान आखलं आणि चार वाजता सगळ्यांना मोकळीक दिली. पहिल्यांदा कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. मग आत आली. मग नियम केला, ज्याला चारला खेळायचं त्यानं दुपारपासून वर्गात बसायचं. एवढ्यावर बरीच पोरं वाचायला लागली.

काय चपळ असतात ही लेकरं! पण तालुक्याच्या स्पर्धेत उतरवायचं तर नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर, आणि पोरगं इथं. हंगाम संपला की टोळी परत. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, गावातनं निघताना शाळेकडनं ते मागून घेतलं की इथं बसवून घेणं सोपं जातं. टोळीच्या मुकादमाशी कुणाची ओळख असेल तर एवढं त्याच्या कानावर घाला.

सौ. उद्यमनगर
गुरुजी, डोळे भरून आले वाचून. वह्या, पेन्सिली लागत असतील तर सांगा. आमच्या महिला मंडळाची भिशी आहे, त्यातनं काहीतरी करू.

शिरोळची गुरुजी
लागतात ताई. संदेश पाठवतो.

लाल माती
मी शाहूवाडीकडचा. सातवीतनं शाळा सोडून कोल्हापुरात तालमीत राहायला आलो. त्यावेळी तसंच होतं, पैलवान करायचा म्हणजे पुस्तकं बंद. खुराकाला दूध, तूप, बदामाची थंडाई, बापानं दोन गुंठे विकलं त्यापायी. गावच्या जत्रेत कुस्त्या मारल्या, नाव झालं. मग गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे नाहीत आणि हातात दाखला सातवीचा. नोकरीला अर्ज कुठला करणार? आता ट्रॅक्टर चालवतो.
पुतण्या मातीत उतरलाय, चांगला डाव टाकतो. त्याला एकच सांगितलंय, सकाळी मेहनत, मग शाळा, संध्याकाळी जोड, म्हणजे सरावाची कुस्ती. वस्ताद पण आताचे शिकलेले आहेत, परीक्षेच्या महिन्यात जोर-बैठका कमी करतात. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे म्हणतात, पण पदाला लागणारी परीक्षा पास पाहिजेच की. पोरांच्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावं.

रंकाळाकाठ
दादा, हे लिहिलंत ते लय मोलाचं आहे. गुडघा आता कसा आहे?

लाल माती
थंडीत धरतो. चाललंय.

इतिहासाचा तास
पैलवानदादांनी लिहिलं म्हणून सांगतो. पैलवान खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं ते पोलिसात फौजदार झाले. त्याच्याही आधी शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, १९१२ ला कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातल्या पोराला राहायला जागा, शिकायला शाळा आणि लढायला आखाडा, तिन्ही एकाच राजाच्या डोक्यातनं आलं. कोल्हापूरकरानं ह्याचा अभिमान बाळगावा आणि तेच पुढं चालवावं.

पेठेचा पोरगा
नाद खुळा!

आई दोघांची
रविवारी मॅच आहे काय हो कुणाला माहिती? घरात पोरं जीव खायला लागल्यात. आणि थोरल्याला अबॅकस लावू का फुटबॉल? परवडणार एकच.

खोखोची पोर
फुटबॉल!! गणित शाळेत शिकवतातच की ताई.

क्रीडाशिक्षक
इथं बरेच पालक दिसतात म्हणून लिहितो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी असते. लहान वयातच घेतात, त्यामुळं पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की चौकशी सुरू करा. ३० मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेकणं, ८०० मीटर असं बघतात, उंची-वजन पण मोजतात. निवड झाली की राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण सरकारी खर्चानं. आपला अनिकेत जाधव तिथलाच. वडील रिक्षा चालवायचे, पोरगा पुण्याच्या प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडनं खेळला. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पण प्रबोधिनीचा, २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य.

एक कळकळीनं सांगतो, जन्मदाखला खरा ठेवा. वय कमी दाखवून खेळवणारे भेटतात. पकडलं की पोरगं बाद, आणि दहावीच्या दाखल्यावर पुढं आयुष्यभराचा घोळ. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला लागतो. दरवर्षी पात्र पोरं केवळ कागद वेळेत न गेल्यामुळं मुकतात. शाळेच्या मागं लागा.

मुंबईकर कोल्हापुरी
रंकाळाकाठ यांच्या सरांची वही वाचून कुलाब्याची आठवण झाली. तिथं आंबेडकर नगरच्या वस्तीत अशोक राठोड यांनी ऑस्कर फाउंडेशन सुरू केलं. मच्छीमारांच्या, मजुरांच्या पोरांना फुटबॉल शिकवतात, अट एवढीच की शाळा नाही तर फुटबॉल नाही. म्हणजे तुमच्या सरांचीच वही! आपल्याकडं बऱ्याच तालमींचे संघ आहेत, मैदानाला येणारी पोरं शेकड्यांनी आहेत. तालमींनी हजेरीची सही मागायला सुरुवात केली तर खर्च काय, एका वहीचा. मंडळाच्या मीटिंगला हा विषय काढा कुणीतरी.

पेठेचा पोरगा
आमच्या तालमीत मी काढतो. चेष्टा नाही करत, खरंच काढतो. आमच्या गल्लीतली तीन पोरं आठवीतनं गॅरेजला गेल्यात, खेळायला मात्र रोज येतात. त्यांना परत बसवता येईल काय?

शिरोळची गुरुजी
येईल. चौदाच्या आतली असतील तर वयानुसार वर्गात थेट प्रवेश द्यायलाच लागतो, कायदाच आहे. त्याच्या वरची असतील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं दहावी देता येते. वयं सांगा.

पेठेचा पोरगा
दोघं तेराचे, एक पंधराचा. उद्या त्यांच्या घरी जातो.

आई दोघांची
फुटबॉल ठरला. सहा नंबरचे स्टडचे बूट कुणाकडं जुने असतील तर सांगा.

सौ. उद्यमनगर
आमच्याकडं आहेत, चिरंजीवांचा पाय वाढला. एका बाजूचा सोल चिकटवलाय, पण चालतील. मिरजकर तिकटीला याल काय संध्याकाळी?

आई दोघांची
सहाला येते. पोराला घेऊनच येते, घालून बघूदे.